पणत्यांनंतरचे अकरा महिने

दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस जळगाव-धुळ्यात विशेष शाळांचे आणि दिव्यांगांच्या कर्मशाळांचे स्टॉल दिसू लागतात. कधी बँकेच्या आवारात, कधी कॉलेजच्या फाटकाशी, कधी एखाद्या क्लबच्या प्रदर्शनात. टेबलावर रंगवलेल्या पणत्या, उटण्याची पाकिटं, कागदी आकाशकंदील, शुभेच्छापत्रं. मागे दोन शिक्षिका आणि इस्त्रीचा गणवेश घातलेली चार-पाच मुलं. येणारी माणसं मनानं चांगली असतात. ‘किती छान केलंय हो!’ म्हणतात, डझनभर पणत्या घेतात, उरलेले सुटे पैसे ‘राहू द्या’ म्हणून सोडून देतात. स्थानिक पानावर फोटो येतो. भाऊबीज झाली की टेबल उचललं जातं, आणि त्या पणत्या रंगवणाऱ्या हातांना आता पुढच्या आश्विनापर्यंत काम काय, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही.

पणत्यांना नावं ठेवायची नाहीत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ब्रश नीट धरता येणं, रंग काठाबाहेर न जाणं, एक पणती पुरी करून मगच दुसरी उचलणं, यामागे शिक्षिकेचे कित्येक महिने गेलेले असतात. अडचण वेगळीच आहे. गिऱ्हाईक पणतीचे कमी आणि मुलाचे जास्त पैसे देतं. एखाद्या पणतीचा रंग उडाला म्हणून ती परत आणून देणारा माणूस या स्टॉलवर येत नाही. माल परत येत नाही, उशीर झाला म्हणून कुणी ओरडत नाही, उद्या सकाळपर्यंत आणखी दोनशे नग हवेत असा फोन येत नाही. बाजारात उतरलेल्या कुठल्याही कारागिराला जे शिक्षण फुकट मिळतं, तेच या मुलांच्या वाट्याला येत नाही. खानदेशातल्या दिव्यांग मुलांच्या व्यवसाय प्रशिक्षणाचं घोडं नेमकं इथंच अडतं.

शाळेपर्यंतची वाट मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ रुळली आहे. केंद्र सरकारनं अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत आणण्याची पहिली योजना १९७४ साली काढली. १९९५च्या कायद्यानं सात प्रकारचं अपंगत्व मानलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ती यादी २१वर नेली. थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता अशी नावं तीत आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल फार जुना पाहुणा आहे, त्यामुळे इकडे या यादीला कागदापलीकडचा अर्थ आहे. सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, हा याच कायद्यातला हक्क. दहावीच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा आणि गरजेप्रमाणे लेखनिक, हेही आता मुख्याध्यापकांना नवं राहिलेलं नाही.

या हक्काचं दार उघडतं ते दिव्यांगत्वाच्या दाखल्यानं. जिल्ह्यात दाखल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती टक्के?’ चाळीस टक्क्यांच्या खाली आलं की बहुतेक सवलती संपल्या. जळगावात आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी बोर्डाच्या दिवशी गेलं, की हा हिशेब डोळ्यांदेखत चाललेला असतो. आईच्या कडेवर आठ वर्षांचं पोर, बापाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, पिशवीतच डब्यात बांधलेली कळण्याची भाकरी. यावल-रावेरच्या वरच्या पाड्यांवरून किंवा साक्री-शिरपूरकडून येणाऱ्याचा या एका खेपेत रोजगार बुडतो. त्यात कानाची तपासणी करणारा आज रजेवर असला तर खेप दुप्पट. आता दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, म्हणजे युडीआयडी कार्ड, ऑनलाइन निघतं, चाळीसच्या वर पिवळी पट्टी, ऐंशीच्या वर निळी. काम सोपं झालं यात शंका नाही. तरी तपासणीच्या मशीनपुढे बसायला माणूस लागतो, आणि ते मशीन जिल्ह्याच्या गावी असतं. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचं प्रकरण देशभर गाजलं. त्यानंतर राज्यात फेरतपासण्यांचा सपाटा लागला. बनावट दाखले पकडले जावेत, याबद्दल दुमत नाही. पण खोट्यांच्या चौकशीसाठी रांगेत उभं राहणं खऱ्यांनाच भाग पडतं, ही या व्यवस्थेची जुनी खोड आहे.

दाखल्यानंतर शाळा. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून निघणारे विशेष शिक्षक मोटारसायकलवर फिरत असतात. आज एका जिल्हा परिषद शाळेत, उद्या दुसऱ्या गावात, परवा अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या घरी. वर्षानुवर्षं ही माणसं कंत्राटावर राबली. त्यांना सेवेत कायम करण्याचा निर्णय राज्यात व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ सालच्या एका निकालात प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. ते मोटारसायकलवरून गाठायचं म्हटलं तर पेट्रोल कमी पडेल.

खानदेशात आणखी एक गाठ आहे, ती भाषेची. घरात अहिराणी, पाड्यावर पावरी किंवा भिलोरी, वर्गात पुस्तकी मराठी. धडधाकट पोर दोन-तीन वर्षांत यातून वाट काढतं. श्रवणयंत्र नुकतंच लागलेल्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला मात्र एकाच वेळी शब्दही शिकायचा असतो आणि त्याचं दुसरं रूपही. वाचा उपचार देणारी बाई आईला सांगते, ‘दिवसभर त्याच्याशी बोलत राहा.’ आई मान डोलावते आणि घरी जाऊन गप्प होते, कारण बोलायचं ते ‘शुद्ध’ असलं पाहिजे असं तिला वाटतं. ‘तुम्ही घरी बोलता तसंच बोला’ असं मुद्दाम सांगणाऱ्या शिक्षिका भेटतात, तिथं मुलं लवकर बोलती होतात.

मग अठरावं वर्ष लागतं. विशेष शाळेच्या हजेरीपटावरून नाव उतरतं. पुढं काय?

या प्रश्नाची महाराष्ट्रातली पहिली उत्तरं मुंबई-पुण्याची. माझगावला १८८०च्या दशकात मूकबधिरांची देशातली पहिली शाळा निघाली. अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी १९०० साली अंध मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे दादरची कमला मेहता शाळा झाली. त्या काळी अंधांना वेताचं विणकाम आणि संगीत, बहिऱ्यांना शिंपीकाम आणि सुतारकाम असा रिवाज होता, आणि त्या त्या शहरात त्या कामांना खरं गिऱ्हाईकही होतं. सिंधुताई जोशींनी १९६४ साली पुण्यात ‘कामायनी’ सुरू केली. तिथं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेला उद्योग केंद्राची जोड मिळाली. खानदेशाला जवळचं नाशिक. तिथं रजनी लिमये यांनी १९७७ साली, स्वतःच्या मुलाच्या निमित्तानं, प्रबोधिनी ट्रस्ट उभा केला आणि शाळेच्या पुढची पायरी म्हणून कार्यशाळाही काढली. पुढे राज्यभर अनुदानित-विनाअनुदानित कर्मशाळा निघाल्या. खडू, मेणबत्त्या, अगरबत्ती, फाइली, कागदी पिशव्या हा त्यांचा ठरलेला अभ्यासक्रम झाला. शाळा फळ्यावर खडूनं लिहीत होत्या तोवर खडूला मागणी होती. पांढरे फळे आले, डिजिटल वर्ग आले, आणि कर्मशाळेचे साचे मात्र खडूचेच राहिले.

आता थोडं जवळून पाहू. वीस वर्षांच्या एका मुलाला उटण्याची पाकिटं बाराच्या खोक्यात भरायची आहेत. त्याला बारापर्यंत मोजता येत नाही. पाचानंतर गाडी नेहमी घसरते. जुन्या पद्धतीची शिक्षिका त्याला आधी बारा आकडे शिकवायला बसेल, आणि दोन वर्षांनी ‘याला जमत नाही’ असा शेरा देईल. जाणकार शिक्षिका सुताराकडून बारा खणांचा एक लाकडी ट्रे करून घेते. प्रत्येक खणात एक पाकीट. सगळे खण भरले की ट्रे खोक्यात उलटा करायचा. मोजणं ट्रे करतो, भरणं मुलगा करतो. दिवसाच्या शेवटी खोकी बरोबर निघतात. यालाच प्रशिक्षण म्हणायचं. काम लहान-लहान पायऱ्यांत फोडायचं, प्रत्येक पायरी हात धरून, मग बोट दाखवून, मग नुसतं बघून शिकवायची. जी पायरी जमतच नाही तिला साधनाचा टेकू द्यायचा.

हे शास्त्र जुनं आहे. अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकानं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना सायकलचा पंधरा सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवून दाखवला. तोवर या माणसांना मणी ओवण्यापलीकडे काही जमत नाही, असंच सगळे धरून चालले होते. गोल्डनं भागांची एक बाजू रंगवली, म्हणजे रंग वर आला की भाग सुलटा. बाकी सगळा धीराचा खेळ. पुढच्या दशकात तिकडे आणखी एक उलटापालट झाली. आधी वर्षानुवर्षं शिकवून मग नोकरी शोधायची, हा क्रम त्यांनी फिरवला. आधी खरी जागा शोधायची, मग त्याच जागेवर, त्याच यंत्रापाशी, सोबत एक प्रशिक्षक ठेवून काम शिकवायचं, आणि जमलं की प्रशिक्षकानं हळूहळू मागं सरायचं. मुंबईत हे वारं पोचलं आहे. मिरॅकल कुरियरमध्ये कर्णबधिर तरुण शहरभर पाकिटं पोचवतात. जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये २०१८पासून बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेली तरुण मंडळी टेबलावर चहा-नाश्ता आणून देतात. तिथं सँडविच कच्चं निघालं तर गिऱ्हाईक सांगतं.

खानदेशात असं का होऊ नये? इथं कॅफेपेक्षा सोयीचं बरंच काही आहे. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया होतात, पाइप होतात, ठिबकचे सुटे भाग होतात. डाळमिल आहेत. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात रोपवाटिका आहेत. तिथं पिशव्यांत माती-खत भरणं, रोप लावणं, ओळीनं मांडणं, पाणी देणं हे काम हजारोंच्या संख्येनं आणि रोज त्याच पद्धतीनं होतं. ज्याला बदलाची धास्ती वाटते, तेच तेच काम करण्यात गोडी वाटते, अशा स्वमग्न तरुणाला याहून सोयीचं काम शोधून सापडणार नाही. धुळ्यात यंत्रमाग, दोंडाईचात मिरची, शिरपुरात कापड. उन्हाळ्यात बिबडे, कुरडया आणि उडदाचे पापड. चव्वेचाळीस अंशांचं ऊन इथं फुकट मिळतं. पुण्या-मुंबईतली खानदेशी माणसं ते वाळवण मागवून घेतात आणि मीठ जास्त झालं तर फोन करून बोलही लावतात. कर्मशाळेला हवं असलेलं गिऱ्हाईक ते हेच.

यातल्या बऱ्याच जागांना आडवी येते ती ने-आण. एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला वेळेवर पोचायचं तर गावाकडची पहिली एसटी उशिरा पडते. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण सवलत मिळायला आधी बस यावी लागते आणि तिची पायरी चढता यावी लागते. कारखान्याच्या आवारात रॅम्प नसतो. चाकाची खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह नसतं. कर्णबधिर कामगारासाठी भोंग्याच्या जोडीला लाल दिवा लावायला कितीसा खर्च येतो? तरी तो लागत नाही, कारण मागणारा कुणी आतवर पोचलेलाच नसतो. मालकांच्या मनात धास्ती असते ती अपघाताची. ‘काही झालं तर आमच्या गळ्यात.’ अशा मालकांना वळवायला कायदा अर्धाच हात देतो. २०१६च्या कायद्यात पाच टक्के दिव्यांग कामगार ठेवणाऱ्या खासगी मालकांना सरकारनं प्रोत्साहन द्यावं असं कलम आहे. सक्तीचं चार टक्के आरक्षण आहे ते सरकारी नोकरीत.

म्हणूनच खानदेशातला दिव्यांग तरुण डोळे लावून बसतो तो सरकारी नोकरीकडे. त्या वाटेवर जळगावात एक ठळक काम उभं राहिलं आहे. यजुर्वेंद्र महाजन यांनी २००५ साली दीपस्तंभ फाउंडेशन सुरू केलं. स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शन हा त्याचा मूळ धंदा. त्यातूनच ‘मनोबल’ हा दिव्यांग आणि अनाथ तरुणांसाठीचा निवासी प्रकल्प उभा राहिला. स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर, ध्वनिमुद्रित पुस्तकं, राहणं-जेवणं, अभ्यासाची शिस्त हे सगळं एका छपराखाली. राज्याबाहेरची मुलंही जळगावला येऊन राहतात, ही या शहराला मिरवावी अशी गोष्ट आहे, आणि जळगावकर ती सोन्याच्या भावाइतकी मिरवत नाहीत.

या वाटेवरचं सगळ्यांच्या ओठांवरचं नाव प्रांजल पाटील यांचं. लहानपणी दृष्टी गेली, दादरच्या त्याच कमला मेहता शाळेत शिक्षण झालं, पुढे दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पहिल्यांदा ७७३वा क्रमांक आला, तेव्हा अंधत्वाचं कारण सांगून रेल्वेच्या लेखा सेवेनं त्यांना नाकारलं. त्या पुन्हा बसल्या आणि १२४व्या आल्या. २०१९ साली त्या तिरुअनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या.

अशा गोष्टी सांगायलाच हव्यात, पण त्या सांगताना एक हिशेब झाकला जातो. सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांची वाटणी अशी: एक टक्का दृष्टीसाठी, एक श्रवणासाठी, एक हालचालीच्या अपंगत्वासाठी. उरलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता सगळे दाटीवाटीनं बसलेले. स्पर्धा परीक्षेचा पेपर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या हाती कधी पडणारच नाही. दहावी न झालेल्या पोलिओग्रस्त शेतमजुरालाही ही वाट बंद. सत्कार होतात ते क्लास वन अधिकाऱ्यांचे. ठिबकच्या कारखान्यात आठ तास उभं राहून महिन्याचा पगार घरी आणणाऱ्या कर्णबधिर पोराचा सत्कार करायला हवा, हे कुणाच्या मनात येत नाही, आणि त्याच्याकडे बघून शाळेत टिकली असती ती गावातली पुढची दोन मुलं मग टिकत नाहीत.

मधली एक वाट चाळीसगावनं दाखवली आहे. पोलिओनं पाय अधू झालेल्या मीनाक्षी निकम यांनी ‘स्वयंदीप’ ही संस्था काढून दिव्यांग बायकांना शिलाई मशीनवर बसवलं. शिवणकाम म्हटलं की नाक मुरडणारे आहेत, पण इथं एक बारकी गोष्ट आहे. पायमशीन हे पोलिओ झालेल्या बाईसाठी शत्रूच. त्याला मोटर बसवली आणि तिचा दाब हाताशी किंवा गुडघ्याशी आणला, की तीच बाई ब्लाउज, पिशव्या, गणवेश शिवते. तालुक्याच्या गावात शिवणकामाला बारा महिने गिऱ्हाईक असतं, आणि ब्लाउजची बाही चुकली तर बोलणारी शेजारीण दारातच उभी असते. दिव्यांग मुलगी शिकवून काय करायची, हिचं लग्न होणार नाही, मग घरीच बसू दे, हा विचार खानदेशात अजून जिवंत आहे. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना महिन्याला दोनशे रुपये भत्ता मिळतो. त्या दोनशे रुपयांनी तो विचार हलला नसता. महिन्याच्या शेवटी हातात आलेल्या शिलाईच्या पैशांनी काही घरांत तो हलला.

ज्यांना यातलं काहीच झेपणार नाही, अशी मुलंही आहेत, आणि त्यांच्या नावानं यशोगाथा लिहिता येत नाहीत. तीव्र अक्षमता असलेल्या पंचविशीतल्या मुलाला स्वतःच्या हातानं जेवता येणं, संडासला जायचं खुणेनं सांगता येणं, हेच त्याचं व्यवसाय प्रशिक्षण. आईबाप साठीकडे झुकलेले. त्यांचा प्रश्न एकच असतो, ‘आमच्या माघारी?’ जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठाननं ‘आश्रय माझे घर’ हा प्रकल्प याच प्रश्नापोटी उभा केला. पण सगळ्यांना निवासी घर मिळणार नाही, आणि बहुतेकांना ते नकोही असतं. त्यांच्यासाठी १९९९चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. याच ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना लाखापर्यंतचा औषधोपचार देते.

या दोन्ही गोष्टी माहीत नसलेले पालक धुळे-जळगावच्या कुठल्याही विशेष शाळेच्या पालकसभेत भेटतील. अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या नावावर बँकेत खातं काढायला गेल्यावर, सही करता येत नाही म्हणून काउंटरवरून परत पाठवलं जातं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं की कायद्याच्या लेखी आपण आता या मुलाचे पालक उरलेलो नाही. शाळेनं हजेरीपटावरून नाव काढताना, शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर कायदेशीर पालकत्वाच्या अर्जाचा एक कोरा नमुना आणि जवळच्या दोन-तीन कारखान्यांच्या, रोपवाटिकांच्या मालकांचे फोन नंबर पालकाच्या हातात द्यावेत, एवढ्यासाठी ना नवा कायदा लागतो ना अनुदान. ते नंबर मिळवायला मात्र शाळेतल्या कुणाला तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर एमआयडीसीत चक्कर मारावी लागेल. पणत्यांचा नमुना न घेता, आणि ‘आमच्या मुलांनी केलंय’ असं न म्हणता, तुमच्याकडे कुठलं काम रोज तेच तेच असतं, एवढंच विचारायला.